वैशालीच्या पत्रिकेची फाईल

प्रिय अहो,

तुम्ही असताना कधी 'प्रिय' म्हटलं नाही, आता म्हणते. आपल्या वैशालीचं लग्न जमलं. मुलगा हिंगणघाटचा, शाळेत शिक्षक आहे, स्वभावाने शांत. आनंदाची बातमी द्यायला बसले खरी, पण हातून तक्रारच लिहिली जाणार आहे. ऐकून घ्या.

गेल्या आठवड्यात दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. आधी खरखर करायची, मग एका सकाळी मुकीच झाली. तुमच्या धाकट्या भावाने, प्रकाश भाऊजींनी, नागपूरहून नवी आणून बसवली. म्हणाले, दादाच्या बॅकअपच्या सीड्या काढा, सगळं परत टाकून देतो. मी निश्चिंत होते. अख्ख्या पुलगावच्या लग्नपत्रिका तुम्ही दर दसऱ्याला सीडीवर उतरवून ठेवायचात. त्यात आपल्या वैशालीचीही होती ना!

आठवतं? ती बारावी पास झाली त्या दुपारी, गिऱ्हाईक बसवून ठेवून तुम्ही तिची पत्रिका करत होतात. नवरदेवाच्या नावाची जागा कोरी. मी हसले, पोरगी अजून कॉलेजात गेली नाही अन् तुम्ही मांडव घालताय! एक प्रत तरी छापा म्हटलं, तर नवरदेवाचं नाव आल्याशिवाय छापायची नाही म्हणालात. मला घरी जायची घाई. केळीच्या खांबांची चौकट तेवढी पाहिली. मजकूर का नाही वाचला मी? मिनिटभराचं तर काम होतं.

आणि त्या सीड्यांची पूजा! दसऱ्याला कात्री, कटर, माऊस मांडायचे आणि शेजारी ताजी सीडी. तिच्या चकाकत्या बाजूवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, वर हळद, अक्षता. दुसऱ्या दिवशी टॉवेलने खसाखसा पुसून पाकिटात. नाव लिहिता त्या बाजूला लावा, नाहीतर खराब होईल, असं मी एकदा म्हटलंही होतं. तर तुम्ही म्हणालात,

"पूजेनं कोणाचं वाईट होते का वं?"

झालं ना वाईट! एवढे कॉम्प्युटरवाले तुम्ही, कसं नाही सुचलं?

काही सीड्यांतून बरंच परत आलं. ज्यांची पोरं आता शाळेत जातात, त्यांच्याही पत्रिका नव्या डिस्कवर येऊन बसल्या. वैशालीच्या वर्षाची सीडी मात्र ओरखड्यांनी भरलेली. भाऊजींनी ती मऊ कापडाने पुसली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावली, वर्ध्याला नेऊन दाखवली. शेवटी म्हणाले, "वयनी, नाव दिसून राह्यलं, पण फाईल येऊन नाई राह्यली." पडद्यावर तिचं नाव मीही पाहिलं.

दुसऱ्या कुणाची पत्रिका घेऊन नावं बदलू, असंही ते म्हणाले. धंद्यात आपण तेच करतो, पण मी नको म्हटलं. वैशालीने विचारलं, बाबांनी काय लिहिलं होतं? केळीच्या खांबांची चौकट होती, एवढंच मी सांगितलं. तुमचा राग आला, खूप राग आला, आणि मग रडू आवरेना.

काल दुपारी आम्ही दोघी नवी पत्रिका करायला बसलो. मी सांगत होते, ती टाईप करत होती. निमंत्रकांत तुमच्या नावापाशी आलो आणि ती थांबली.

"आई, बाबाच्या नावाआधी 'कै.' लिहाचं का?"

मी उठून आत गेले. त्या फाईलसाठी माझा जीव एवढा का तुटत होता, ते तेव्हा समजलं. त्या पत्रिकेत तुम्ही स्वतः लोकांना बोलावत होतात, नुसत्या तुमच्या नावाने. तशी पत्रिका आता कोणालाच करता येणार नाही हो!

पत्रिका अर्धी राहिली आहे, ती मी पुरी करीन. पण ते एक अक्षर लेकीच्या हातून होऊ देणार नाही. ते मीच टाईप करीन, हा माझा शब्द.

तुमची,
शोभा