व्याह्यांचा सिगार आणि आईचा अडकित्ता

कुंभार पिंपळगाव,
धोंड्याचा महिना

हारुनभाई मस्तगडवाले यांना रामकिसनचा आधी सलाम आणि मंग रामराम (दोन्ही घ्या, एकावर तुमचं भागत न्हाई हे मला शाळेपासून ठाऊक आहे).

इकडं सगळे खुशाल. शकीलाभाभींचे गुडघे कसे आहेत? जिना चढू-उतरू नका म्हणावं. आणि तुम्ही दुकानात बसून वर हाका मारून चहा मागवणं बंद करा, म्हणजे गुडघे आपोआप बरे होतील. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत न्हाई, आणि ही हकिकत मधीच तोडण्यासारखी न्हाई. मी जिंकलो, हारुनभाई. आधीच सांगून टाकतो, शेवटपर्यंत दम धरणं मला जमणार न्हाई.

झालं असं, की धोंड्याच्या जेवणाला जावई आले. कल्याणराव एकटेच आकांक्षाला घेऊन आले असते तर बरं झालं असतं, पण सोबत त्यांचे वडील, म्हणजे आमचे व्याही अण्णासाहेब, हे बी आले. माणूस वाईट न्हाई. फक्त शहरात प्लॉट घेतल्यापासून आमच्याकडं आले की खुर्चीवर बसायच्या आधी ती रुमालानं पुसून घेतात (खुर्ची मी सकाळीच धुतल्ती). लग्न झाल्यापासून आमची आकांक्षा एका मुक्कामाच्या वर माहेरी राहिली न्हाई. येते, पिशवी उघडते न उघडते तोवर गाडी दारात. यंदा पोरीला अख्खा धोंड्याचा महिना ठेवून घ्यायचं, असं मी मनाशी धरून बसलो होतो. पण व्याह्यांपुढं तोंड उघडायला धीर होईना. अनारसे वाढताना विषय काढावा म्हणून घसा खाकरला, तर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

जेवणं झाली आणि व्याह्यांनी खिशातून एक सिगार काढला. अंगठ्याएवढा जाड, पोटाला सोनेरी कागदाचं कडं. कल्याणरावांच्या कंपनीतले साहेब परदेशात गेल्ते, त्यांनी दिलेला. कल्याणराव काहीच ओढत न्हाईत, म्हणून तो बापाकडं आला. व्याही मला म्हणले, रामकिसनराव, तुम्ही गावाचे पारखी खरे (हे खरंच आहे, टरबूज, बैल, बियाणं, लोक मला दाखवल्याशिवाय घेत न्हाईत, आणि तुमच्या दुकानातली तंबाखू मी नुसत्या वासावर नापास केल्ती हे तुम्ही विसरला नसाल), पण हे काम तुमचं न्हाई, ह्याला जाणकार लागतो. बस, माझं डोकंच फिरलं. म्हणलं, पारखून दाखवला तर? ते हसून म्हणले, मागाल ते. मंग मी सगळ्यांदेखत मागून टाकलं, की आकांक्षा महिनाभर इथं राहील. अटी अशा ठरल्या, की सिगारात कशाकशाचा वास आहे ते मी सांगायचं, कल्याणरावांनी मोबाइलवर त्याची माहिती काढून ताडून बघायचं, आणि मी खोकलो की हरलो.

व्याही म्हणले, टोक कापायला खास कटर लागतो, तो न्हाई, तर राहू द्या. आमच्या आईनं, साळूबाईनं, पानाच्या डब्यातला अडकित्ता गुपचूप पुढं सरकवला. एका दाबात टोक साफ. पण पुढची पंचाईत मोठी होती. मी आईसमोर जन्मात काही ओढलं न्हाई. साठी जवळ आली तरी माझी बिडी गोठ्यामागंच. म्हणून मी सिगार घेऊन खांबाकडं तोंड केलं, तर आई म्हणाली, "फिर इकडं आन् ओढ. पोरीचं काम हाय." हारुनभाई, तिथंच मला दहा बैलांचं बळ आलं.

चुलीतला निखारा चिमट्यात धरून सिगार पेटवला आणि पहिला झुरका बिडीसारखा थेट छातीत घेतला. ती चूक झाली (ह्याचा धूर आत घ्यायचा नसतो, कल्याणराव डोळ्यांनी खुणावून राह्यले होते, पण मला वाटलं त्यांच्या डोळ्यात काही गेलं). कान तापले, अंगण एकदा डावीकडं गेलं आणि परत आलं, खोकला गळ्याशी येऊन उभा राहिला. समोर आकांक्षा ओढणीचं टोक चावत उभी. मी खोकला गिळला. अख्खा, पाण्याशिवाय. मंग मला आठवली ती चिलमीची तऱ्हा, आपण दोघांनी उरुसात फकिराजवळ बसून पाहिलेली. ओला कपडा, बंद मूठ, ओठ न लावता ओढायचं. कपड्याला व्याह्यांचाच रुमाल घेतला, तो खुर्चीच्या हातावर रिकामाच पडला होता.

त्यानंतर माझी गाडी बराबर रुळावर आली. डोळे मिटून एकेक सांगत गेलो: नांगरलेल्या मातीचा वास, नव्या चपलेचा, भाजलेल्या शेंगाच्या टरफलाचा, आणि शेवटी कढईत करपलेल्या गुळाचा. कल्याणराव मोबाइलमधून वाचत गेले: माती, चामडं, भाजलेला दाणा. शेवटी मात्र चॉकलेट निघालं. व्याही ताठ बसले. कल्याणराव अगदी शांतपणे म्हणले, करपलेला गूळ आणि चॉकलेट एकच. असा जावई तालुक्यात न्हाई. तरी व्याह्यांना पटेना, म्हणून त्यांनी स्वतः एक झुरका घेतला, तो बी छातीत, आणि असे खोकले की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. माझं मत विचाराल तर माल चांगला आहे, पण एकट्यानं ओढायची चीज न्हाई, चारचौघांत फिरवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली आणि पोरगी दारातच राहिली. माझे डोळे भरून आले. मी म्हणलं, कालचा धूर अजून चुरचुरतोय.

भाभींना आमच्या घरच्यांचा नमस्कार सांगा आणि चहा स्वतः वर जाऊन प्या.

तुमचा विजयी दोस्त,
रामकिसन

ता. क. आकांक्षानं हे पत्र वाचलं आणि हसत सुटली. तिच्या सासूबाईंनी निघतानाच तिला सांगितलं होतं, महिनाभर राहून ये म्हणून. मोठी बॅग पहिल्यापासून गाडीच्या डिकीत होती. व्याह्यांना ठाऊक, जावयांना ठाऊक, आईला बी ठाऊक. बाजी लावून मी एकटाच खेळलो, आणि त्या धुरानं पोट बिघडून त्या दिवसापासून नुसत्या ताकावर आहे. पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही नुसतं राहा म्हणला असता तरी मी राहिले असते.

आणखी ता. क. मुद्द्याचं राहूनच गेलं. उरलेला अर्धा सिगार मी जिंकल्याचा पुरावा म्हणून कोनाड्यात ठेवला होता. आईनं तो तव्यावर भाजून त्याची मिशरी केली, आणि आता दुसऱ्या कशानंच दात घासायला ती तयार न्हाई (तुमच्या दुकानातली मिशरी तिनं थुंकून टाकली, राग मानू नका). भाभींचा भाऊ दुबईहून येणार आहे ना, त्याला असले दोन सिगार आणायला सांगा. एक आईला. दुसरा मला लागणार आहे. व्याह्यांना मी दिवाळीचं आवतण दिलंय, आणि पोरीला नुसतं राहा म्हणायला मला अजून बी जमत न्हाई.