न गायलेलं कडवं

तंजावूर, बुधवार

श्री. हृषीकेश यांस,

‘प्रिय’ लिहायला आज हात उचलत नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांचा गुडघा कसा आहे? मी आईकडे सुखरूप पोचले.

तुमच्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम समकालीन संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचं टीव्हीवर कळलं. गल्लीभर जिलेबी मीच वाटली. मग आईला मोबाइलवर त्यातलं तिने गायलेलं गाणं ऐकवलं, तर तिने कॉफी तशीच खाली ठेवली.

“गळा माझा, पण हे शेवटचं कडवं मी गायिलेंच नाही!”

आमच्याकडे ते कडवं फक्त गौरीची बोळवण करताना म्हणतात. अवेळी म्हटलं, तर घरची लेक सासर सोडून कायमची परत येते, अशी समजूत आहे. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी आई त्या कडव्याआधीच थांबली. तुम्ही “बरं, आई” म्हणून पाया पडलात, आणि पुण्याला जाऊन कॉम्प्युटरकडून तिच्याच आवाजात ते गाऊन घेतलंत. विचारायला जीभ झडली होती?

वर निरोप पाठवता, समारंभाला आईंना रेशमी पट्टुसाडी नेसवून आणा! शोभेची बाहुली आहे का ती?

कालपासून ती जेवलेली नाही. माझ्या संसारासाठी देवीला नवस बोलते आहे. मी असल्या समजुती मानत नाही. पण ही खरी ठरणार, कारण मी परत येणार नाही.

आई शेजारीच बसली आहे. ती तमिळ शाळेत शिकलेली, तिला देवनागरी वाचता येत नाही. काय लिहितेस, विचारते आहे. येते म्हणून कळवते, असं सांगितलं.

गायत्री