डोहातून परत

राळेगाव,
मंगळवार, १४ मार्च १९६१

ती. सदाशिवभाऊ,
प्रभूमध्ये धाकट्याचा सलाम.

पाच महिन्यांनी माझं अक्षर पाहून तुम्ही पत्र सरळ चुलीत घालाल, म्हणून पाकिटावर कौसल्यावहिनींचं नाव घातलं आहे. त्यांना बोल लावू नका.

इकडे ऊन तापलं. मी पास्टर देवरावांच्या मंडळीतच आहे. दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, संध्याकाळी पास्टर बोलतात ते उपदेश वहीत उतरवतो. त्यांना वाचता येतं, लिहिताना हात अडतो. इंटर अर्धवट सोडलेल्याचा तेवढा तरी उपयोग. हसाल तुम्ही. हसा.

मागच्या आठवड्यात त्यांनी बायबलातला याकोब घेतला. म्हणाले, "याकोब रातभर देवाच्या दूतासंग झोंबला, हे सारेच सांगतात. पण सकाळी लंगडत लंगडत गेला कुठं? ज्याले फसवलं त्या भावाकडं! आशीर्वाद भेटला तरी भावाची वाट काही चुकली नाही." मी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवलं आणि वही मिटून जेवायला गेलो.

आता खरी बातमी. परवा रविवारी माझा बाप्तिस्मा ठरला होता. तुमचं म्हणणं ठाऊक आहे. आजीच्या मांडीवर असतानाच आपल्या कपाळाला मिशनच्या देवळात पाणी लागलं, मग दुसऱ्यांदा कशाला? त्यावर आज वाद नको. इथं जाणत्या माणसानं स्वतः होकार देऊन पुरतं बुडायचं असतं. शिवाय या मंडळीची एक जास्तीची रीत आहे. कमरेइतक्या पाण्यात गेलं की पास्टर डोक्यावर हात ठेवून विचारतात, "कोणासंग अबोला हाय काय?" नाही म्हटलं की बुडवतात.

डोहाच्या काठावर चाळीसेक माणसं, खंजिरी, गाणं. पास्टरांची लेक जया बायकांत कोरडे पंचे घेऊन उभी होती. पास्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही."

डोक्यावरचा त्यांचा हात हलला नाही. "पुन्हा सांग."

"नाही म्हटलं ना!" मी ओरडलोच.

"पाणी तर म्हशीलेही भिजवते, बाप्पा," ते हळू म्हणाले. "जा, वर जा."

गाणं थांबलं. मी अर्धा भिजून काठावर आलो तर आमच्या जिनिंगमधला रूपसिंग हमाल म्हणतो, "अर्धाच धुतला काय रे तुले?" लोक हसले. मी पास्टरांना नाही नाही ते बोललो आणि सायकल काढली. जया आडवी आली.

"तुह्या बापानं माही इज्जत काढली," मी म्हटलं.

"बाबानं दोनदा विचारलं तुले. खोटं बोलून भिजलेल्या माणसासंग मी संसार नाही करत. कोरडा राह्यला तरी चालते."

संध्याकाळी मान खाली घालून परत गेलो. पास्टर ओसरीत चिंचा फोडत बसले होते. मलाही एक बत्ता दिला. म्हणाले, ही रीत शास्त्रात अशी लिहिलेली नाही, त्यांच्या घरातून आली. बैलावरून त्यांचं थोरल्या भावाशी वाजलं होतं. अबोला तसाच ठेवून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कापूस निघाला की समेटाला जाऊ म्हणाले, त्याआधीच भाऊ पटकीनं गेला. "पाण्यातून नवा निघालो मी, पण भावापाशी जुनाच राह्यलो. तवापासून विचारतो."

माझा अबोला त्यांनी डोळ्यांनीच पाहिला होता.

भाऊ, दिवाळीत तुम्ही मला न्यायला आलात आणि भर सभेत विचारलंत, "आत्मा उतरला काय रे, का देवरावची पोरगी दिसली?" मी सगळ्यांदेखत तुमच्या कानाखाली वाजवली. चष्मा पडला, कोणाच्या तरी पायाखाली फुटला. तुम्ही चाचपडत दाराकडे गेलात आणि मी जागचा हललो नाही.

पास्टरांचा अपमान झाला म्हणून मारलं, असं मी आजवर सांगत आलो. खोटं. तुम्ही बोललात ते खरं होतं, म्हणून हात उठला. कॉलेज मी देवाच्या वचनासाठी नाही, जयासाठी सोडलं. वचन मागून आलं, उपदेश उतरवता उतरवता. पण आलं, भाऊ. तुम्ही मारलंत तरी ते वचन मी सोडणार नाही. आणि लग्न करीन तर जयाशीच, हेही सांगून ठेवतो.

शनिवारी पहिल्या गाडीनं निघतो. यवतमाळ, महागाव, मग फुलसावंगी. चष्म्याची एक काडी जयानं जपून ठेवली होती, ती आणतो. दार उघडलं नाहीत तर ओट्यावर बसेन. मारायचं असेल तर घरात नको, तुम्ही शिकवता त्या शाळेच्या पटांगणात पोरांसमोर मारा. मी सभेत मारलं होतं.

माफ केलं नाहीत तरी मी पुन्हा त्या डोहात उतरेन. पास्टरांनी विचारलं की सांगेन, "हाय. माह्या भावासंग." मग ते बुडवोत, नाहीतर परत धाडोत.

त्याच उजव्या हातानं लिहिणारा,
अजून कोरडाच,
तुमचा श्रावण