पोत्यांच्या मापाचं जहाज

ती. दादांना बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार (वाकता येत नाही, कंबर धरली आहे, कारण खाली येईलच). वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुमचे वडील, म्हणजे माझे सासरे, यांची नजर येत्या काही महिन्यांत पूर्ण जाणार, हे तुमच्या बहिणीने फोनवर कळवलंच आहे. डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी मागितलं काय, तर ‘माझं जहाज एकदा बघायचंय.’ ते जहाज भंगारात जाऊन जमाना झाला. त्यावर तुमच्या बहिणीने परस्पर जाहीर केलं, ‘आमचे हे तसंच छोटं बनवून देतील!’ (मी कवळ्या बनवतो, दादा. जबडा आणि जहाज यांत फरक असतो, हे या घरात कुणाला पटत नाही.)

बरं, ते लढाऊ जहाजही नव्हे. लढणाऱ्यांना भर समुद्रात तेल, दारूगोळा आणि बटाटे पोचवणारं नौदलाचं रसदीचं जहाज. बाबा त्याच्या कोठाराचे प्रमुख. सगळी नोकरी जहाजाच्या पोटात गेल्यामुळे त्यांना ते आतून तोंडपाठ आहे, बाहेरून कसं दिसायचं याचा पत्ता नाही. रुंदी विचारली तर म्हणाले, ‘बटाट्याची तीस पोती आडवी.’ उंची? ‘तांदळाची बारा पोती, वर माझं डोकं.’ मग मी बाजारात जाऊन पोतं मोजलं (दुकानदार आता मला लांबून बघूनच शटर ओढतो), भागाकार केला आणि कवळीच्या साच्यासाठीच्या प्लास्टरचं पोकळ जहाज ओतलं. त्यानंतर बाबांना आठवलं, की नौदलाचं पोतं मोठं असतं. पुन्हा ओतलं. ते उचलताना कंबर गेली. पुढच्या टोकाला कोठारच नव्हतं, त्यामुळे जहाजाच्या नाकाबद्दल बाबांचं काहीच म्हणणं नाही. आता टेबलावर जे आहे त्याला तुमची बहीण घमेलं म्हणते. रंग हिरड्यांचा आहे, कारण घरात तोच होता.

दादा, मला हसू येत नाही. माणसाने डोळे जाण्याआधी शेवटचं बघायचं ते हे? मी त्यांच्या खोलीत जायचंच टाळतो. माझ्या हातून एवढं एक धड झालं नाही, म्हणून खरोखर रडू येतं.

आपला हताश,
तुमच्या बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. तुमच्या दिवाणखान्यात त्या जहाजाचा फोटो आहे. ताबडतोब पाठवा. हे फोडून नव्याने करतो.

पुन्हा ता. क. फोटो नको. मी पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात बाबा टेबलापाशी पोचले. डेक अजून बसवायचा आहे, त्यामुळे वरून आत हात घालून, डोळे अगदी टेकवून बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘इथं माझं स्टूल असायचं. अगदी तस्संच केलंत हो.’ आणि मग, ‘मोठ्याला बोलवा. मला दिसतंय तोवर त्याला दाखवायचंय.’ तेव्हा तुम्ही स्वतःच या. आलात की दारातूनच, मोठ्याने, ते जहाज ओळखा. हसू आलं तर खुशाल हसा, तुमचा चेहरा त्यांना नीट दिसत नाही. आवाज मात्र सांभाळा.