डावीकडं हरवणारा ठिपका

सोमवार, ८ जानेवारी १९७९

दोन चादरी परत आल्या आणि दोष म्हणे माझा! चाळीस वर्षं मागावर बसते आहे मी. व्यापाऱ्यानं डाव्या किनारीत बोट घालून दाखवलं — धागे सुटलेत, बोट आरपार जातंय. कुजकं सूत आणायचं माझ्या लेकानं आणि नाव घ्यायचं माझं!

रामहरी म्हणतो, "आई, आता माग सोड. विजयमाला बसंल. तू आराम कर." आराम केरसुणीनं करावा कोपऱ्यात. सून मान खाली घालून भाकरी थापत होती. तिला काय, माग आयता मिळतोय.

बुधवार, १० जानेवारी

वरच्या खोलीतला शिवयोगी कुवेतहून टीव्ही घेऊन आला. सगळी आळी जिना चढून बघायला. दिसतंय काय? मुंग्या! सोलापुरात टीव्हीवर काही येतच नाही, हे त्या शहाण्याला घेण्याआधी कळू नये?

मग त्यानं त्याला एक खेळायचं यंत्र जोडलं. दुकानातलं सगळ्यांत स्वस्त, त्यानंच सांगितलं. दोन वायरी, टोकाला साबणाच्या वडीएवढी डबी, डबीवर रेडिओसारखं गोल बटण. बटण वळवलं की काचेवर पांढरी दांडी वर-खाली होते. एकाची दांडी डावीकडं, दुसऱ्याची उजवीकडं. मधे पांढरा ठिपका पळतो, तो दांडीनं परतवायचा. चुकला की समोरच्याला एक. आधी पंधरा करील तो जिंकला.

रामहरीनं शिवयोगीला हरवलं आणि लगेच चढला. "बघ आई, ह्याला तीक्ष्ण नजर लागती. मला हरवून दाखव, मग बस मागावर जन्मभर."

"आणि न्हाय हरवलं तर?"

"तर उतरायचं."

"अठ्ठावीस तारखेला, रविवारी. शिवयोगी साक्षीला."

शिवयोगी हसला, "अव्वा, तुमी खेळणार?"

व्हय, मीच खेळणार!

गुरुवार, ११ जानेवारी

रामहरी उजवी डबी सोडत नाही. म्हणून मी डावीवर हात बसवायचा. दुपारी माग थांबला की सुनेला ओढून वर नेते. बटण ढिलं. थोडं वळवलं की दांडी एकदम आढ्याला! स्वस्तातला माल तो स्वस्तातलाच. चार वेळा हरले. शिवयोगीकडून चिंधी मागितली, बटणाखाली गुंडाळली. आता जरा ऐकतं.

शनिवार, १३ जानेवारी

यंत्रात चार खेळ आहेत. खटका सरकवला की बदलतो. फुटबॉल नुसता गोंधळ — एका बटणावर दोन दांड्या, बघायची कुठली? तिसऱ्यात दोघं एकाच बाजूला, एकमेकांच्या पायात. चौथा बरा. एकट्यानं भिंतीवर ठिपका मारायचा. भिंत डावीकडं, माझी दांडी उजवीकडं. कुणाची मनधरणी नाही.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळी गड्ड्याच्या जत्रेला गेली. मी टीव्हीपुढं.

"अव्वा, जत्रेला न्हाय?"

"जत्रा पुढच्या वर्षी पण हाय. अठ्ठावीस तारीख एकदाच हाय."

खरं लिहिते — मजा आली! टक् करून जातो, टक् करून येतो. धोटा बघून बघून तयार झालेली नजर आहे ही. ठिपका भिंतीवरनं कुठं येणार ते आधीच समजतं. मोजून साठ वेळा परतवला. शिवयोगीचा चहा गार झाला माझ्याकडं बघता बघता.

बुधवार, १७ जानेवारी

पुन्हा दोघींचा खेळ, मी डावीकडं. ठिपका माझ्या दांडीजवळ येतो आणि विझतो! नाहीसाच! मग टुंग वाजतं आणि सुनेला एक गुण.

"यंत्र बिघडलंय. ठिपका विझला."

"आत्याबाई, तितंच हुता की."

"मग मी आंधळी हाय व्हय गं?"

डबी ठेवून ती जिना उतरली. तिचं हे निघून जाणं मला आवडत नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

शिवयोगीला डबी उघडायला लावली. "अव्वा, नवी कोरी हाय. काय बी बिघडलं न्हाय." तरी कापूस फिरवायला लावला. मग डब्यांची अदलाबदल केली. डावीकडं हरले. मग बाजूच बदलली, उजवीकडं बसले — पंधरा–चार! सुनेला धू धू धुतलं. पुन्हा डावीकडं, पुन्हा हरले.

म्हणजे डबीचा दोष नाही. टीव्हीचीच डावी बाजू खराब. फसवलं पोराला कुवेतात.

रविवार, २१ जानेवारी

हरले.

सोमवार, २२ जानेवारी

हरले. पण सोडणार नाही.

गुरुवार, २५ जानेवारी

कापडात एकाच जागी डाग पडायला लागला की आम्ही मागाची फणी काढून उलटी बसवतो. डाग सरकला तर दोष फणीत. नाही सरकला तर दुसरीकडं शोधायचा.

"शिवयोगी, टीव्ही उलटा कर."

"अय्यो अव्वा!"

"डोक्यावर उभा कर त्याला. उशी घे खाली."

त्यानं आणि सुनेनं उचलून ठेवला. टीव्हीची खराब बाजू आता माझ्या उजव्या हाताला आली. त्याच बाजूला मी खेळले. बटणसुद्धा उलटं वळवावं लागलं, तरी हुकले थोडेच. खराब बाजूला ठिपका लख्ख दिसत होता. आणि टीव्हीची चांगली बाजू, जी आता डावीकडं आली — तिथं गेला की विझायचा. सून मात्र तो परतवत होती. टक्. टक्.

दोष सरकला नाही.

टीव्ही सरळ करा म्हटलं आणि भिंत धरून जिना उतरले.

शनिवार, २७ जानेवारी

सुनेला समोर बसवलं. "खरं बोल. माझ्या चादरींची डावी किनार कोण बघतं?"

"मी. तुमी जेवायला उठला की सुटलेलं धागं सांधून ठेवती."

"कधीपासनं?"

"दसऱ्यापासनं. त्या दोन चादरी तेवढ्या माझ्याकडनं राहिल्या."

"रामहरीला का न्हाय बोललीस?"

"तुमी मागावरनं उतरला असता की."

भाकरी चांगली करते ती. एवढंच म्हटलं तिला.

रविवार, २८ जानेवारी

रामहरीकडून उजवी डबी मागून घेतली. पंधरा–अकरा! लेक हरला. शिवयोगीनं टाळ्या पिटल्या. रामहरी म्हणाला, "जितलीस आई. बस मागावर."

बसत नाही म्हटलं. का, तेही सांगितलं — डावीकडचं दिसत नाही. मागावर सून बसेल.

उद्या सात रस्ता चौकाजवळच्या डोळ्याच्या डॉक्टरकडं. तो विचारील, कधीपासून? विजयमाला दसरा सांगेल, तिला तेवढंच ठाऊक. दोन वर्षं झाली मला. कुणाला कळू दिलं नाही, स्वतःलासुद्धा मानू दिलं नाही. त्या डॉक्टरला उत्तर मी देणार. लेकानं आणि सुनेनं तोंड मिटून बसायचं.