घडला प्रकार वरिष्ठांना कळवला आहे

सौ. नीरजा,

खराडीला मजेत आहे. सूनबाई गरम पोळ्या वाढते, गुडघाही गप्प आहे. पुष्कर म्हणतो तसं आपली जागा विकून इथे कायमचं राहायला जमेल का, ते बघतोय. फोनच केला असता, पण पुष्कर शेजारीच बसलेला असतो.

तुझ्या या लेकाने मला नवा लॅपटॉप दिला. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. "बाबा, हा तुमचाच," म्हणाला. काल त्यावर मराठी टायपिंग बसवायला गेलो. त्याने पासवर्ड मागितला. मी टाइप केला, तर पडद्यावर ठिपकासुद्धा उमटेना. आणि मग इंग्रजीत ठणकावलं, की तुम्हाला ही परवानगी नाही, घडला प्रकार वरिष्ठांना कळवला आहे!

मला घामच फुटला. अगं, अख्ख्या सरकारी नोकरीत मी एकही मेमो घेतला नाही. लगेच कागद घेऊन लेखी खुलासा लिहिला, "सदर प्रकार अनवधानाने घडला." संध्याकाळी पुष्करला विचारलं, हा कोणाकडे द्यायचा?

तो हसतच सुटला. "बाबा, वरिष्ठ म्हणजे मीच! तुमच्या हातून काही बिघडू नये म्हणून सगळे अधिकार माझ्याकडे ठेवलेत."

खुलासा आता त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

तू बीपीची गोळी घेतेस ना? कुंड्यांना पाणी?

आणि हो, हा फ्लॅटही "तुमचाच" आहे, असं तो रोज म्हणतो. तेव्हा नारायण पेठेतली आपली जागा विकायच्या कागदांवर सही करू नकोस. मी घरी येतोय.

तुझा,
दिगंबर