ओल्या राखेचं वजन

२ जून १९९१, अल हैल
पोचलो एकदाचा मस्कतला. कंपनीच्या घरात खोल्या दोनच, एक माझी आणि एक रूबेनची. हा फिलिपिनो, आमच्याच ऑफिसात नकाशे काढतो. मी बॅग ठेवतो न ठेवतो तोच त्याने भात आणि तळलेला मासा पुढे केला. नागपूरच्या उन्हातून सुटलो म्हणून खूश होतो, पण कसलं काय, इथे दुप्पट. टेबलावर बुद्धमूर्ती मांडली. संध्याला उद्या पत्र टाकीन, नाहीतर माहेरी बसून रुसेल.

७ जून
रूबेन उद्या रजेवर निघतोय. त्याच्या गावाजवळचा पिनाटुबो हा ज्वालामुखीचा डोंगर धुमसतोय आणि आई घर सोडत नाही. घराचे फोटो दाखवून त्याने विचारलं, छप्पर किती राख पेलेल? मी स्ट्रक्चरल इंजिनियर ना! गणित मांडलं आणि ऐटीत सांगितलं, वीतभर सहज पेलेल, आईला हलवू नकोस. बिचारा निर्धास्त झाला.

१७ जून
रेडिओवर ऐकलं. डोंगर शनिवारी फुटला, त्याच दिवशी वादळी पाऊस. राख भिजून जड झाली आणि छपरं बसली. मी कोरड्या राखेचं गणित केलं होतं. इथल्या नकाशांत पाऊस कोणी धरत नाही, आठवड्यात मीही विसरलो. फोन लागत नाही.

२५ जून
ऑफिसचा ड्रायव्हर कासम, रत्नागिरीचा, सांगत आला. म्हणाला, रूबेन खलास झाला साहेब, आय पन, छप्पर पडला अंगावर. माझ्या गणिताचं कोणाला सांगू? संध्यालाही लिहिलं नाही. जेवताना समोर कोणी नसतं.

३० जून
सूर्य बुडताना आभाळ जांभळं. म्हणतात, त्याच डोंगराचा धूर इथवर आलाय. गच्चीवर पावलं वाजली. वर गेलो तर कोणी नाही, नुसती ओली, करडी राख. झाडून टाकली.

३ जुलै
आज घोट्यापर्यंत. कासमला वर नेलं. त्याला गच्ची स्वच्छ दिसली. माझे हात करडे होते.

६ जुलै
शेजारच्या खोलीत खोकला. खरं सांगतो, आधी बरंच वाटलं. घरात कोणीतरी आहे—

८ जुलै
छत मधोमध चार बोटं वाकलंय. पळायला हवं, पण दारात तो. केसांत राख. विचारतो, किती पेलेल? या वेळी ओली धरली— दोनदा ताळा केला— तो शेजारी बसून बघतोय— गणिताप्रमाणे हे छत परवाच बसलेलं—